नऊ नंबरचा पडदा

दहा वाजून बत्तीस मिनिटांनी नऊ नंबरच्या पडद्यावर बाबा आले. गाडी दहा बावन्नची. अंगात काळा ओव्हरकोट, गळ्यात टाय, हातात जांभळ्या कापडात बांधलेलं काहीतरी चौकोनी. फलाटाच्या तीन पायऱ्या ते कठडा न धरता चढले, वर आल्यावर त्यांनी उजवा हात कपाळाकडे नेला, टोपी नाही हे हाताच्याच लक्षात आलं, तेव्हा हात खाली आला. मग ते फलाटाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बावीस वर्षांनी. मी चहाचा पेला टेबलावर ठेवला तो नोंदवहीच्या कडेवर, आणि आजच्या तारखेवर थोडा चहा सांडला. एवढंच झालं. एरवी आमच्या खोलीत पेला कलंडणं हीसुद्धा घटना असते.

आमची खोली शहरातल्या शेवटच्या स्टेशनावर, चौथ्या मजल्यावर, खाली पावाचं दुकान. आम्ही तिघी जणी मिळून सतरा स्टेशनांचे मास्तर आहोत, आणि त्या सतराही स्टेशनांवर कुणी नाही. भिंतीवर पडदे, समोर माईक, प्रत्येक स्टेशनासाठी एक बटण. कुणाची पिशवी राहिली, कुणाला चक्कर आली, कुणी चुकीच्या जागी उभं राहिलं, की आम्ही बोलतो. बोलायचा आवाज कंपनीने शिकवला आहे. बोलताना हसतोय की नाही ते बघायला टेबलावर तळहाताएवढा आरसा दिला आहे, कारण हसू ऐकू येतं असं प्रशिक्षणाला आलेल्या बाईंचं म्हणणं होतं. आठ वर्षांत माझा आवाज इतका तयार झाला आहे की बहुतेकांना तो मुद्रित वाटतो. तेरा नंबरवरची एक म्हातारी रोज यंत्राला वाकून नमस्कार करते आणि घरी जाऊन सुनेला सांगते म्हणे, की यंत्र तुझ्यापेक्षा गोड बोलतं.

बाबा उभे होते ती जागा मला ठाऊक होती. फलाटावर तिथे पिवळ्या रेघेच्या आत एक फरशी जराशी खचलेली आहे. सुगिनोहाना स्टेशनचे मास्तर म्हणून चोवीस वर्षं ते त्याच फरशीवर उभे राहिले, पांढरे हातमोजे घालून, आणि जाणाऱ्या गाडीकडे बोट दाखवून मोठ्याने वेळ उच्चारत राहिले. फरशी त्यांच्या वजनाने खचली की वक्तशीरपणाच्या, ते सांगता येत नाही. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले असताना कंपनीने स्टेशन बिनमाणसाचं केलं. त्या दिवशी त्यांनी किल्ल्या दिल्या, घरी आले, आणि त्यानंतर त्या फलाटावर त्यांनी पाऊल ठेवलं नाही. शहरात जायचं तर आई छोट्या गाडीतून न्यायची. बाबा शेजारी बसून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवायचे. घराच्या ओसरीवरून मात्र ते रोज गाड्या बघत, घड्याळ हातात घेऊन. पण ओसरीवरून गाडीचं छप्परच तेवढं दिसतं. कोणतं दार उघडतं ते दिसत नाही.

आणि इथेच सगळा घोटाळा होता. त्यांच्या काळात गाडीत गार्ड असायचा, तो सगळी दारं उघडायचा. आता चालक एकटा. बिनमाणसाच्या स्टेशनावर फक्त पुढच्या डब्याचं मागचं दार उघडतं, तेही बाहेरून बटण दाबलं तर. हे आमच्या मार्गावरच्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. स्टेशनाच्या छपरीत तशी पाटीही आहे, बाणासकट. पण आयुष्यभर पाट्या लिहिलेल्या माणसाला पाट्या वाचायची सवय नसते. आणि प्रवाशाने दाराला हात लावायचा नाही, हे तर बाबांनीच कितीकांना दरडावून सांगितलेलं. ते उभे होते तिथे दुसरा डबा येतो. दुसऱ्या डब्याचं एकही दार उघडत नाही.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. आदल्या संध्याकाळी इस्पितळातून घरी फोन केला, की आईचं ऑपरेशन उद्या दोन वाजता आहे, हृदयाची झडप बदलायची आहे, साठ-चाळीस म्हणालेत डॉक्टर. आईने त्यांना विचारलंही होतं की त्यातले साठ कोणते, आणि डॉक्टर नुसते हसले होते. मी म्हटलं, आत नेण्याआधी तुम्ही यावं असं तिचं म्हणणं आहे. आईने कधी काही मागितल्याची बाबांना सवय नव्हती. मलाही नव्हती. त्रेपन्न वर्षांच्या संसारात तिने वर मान करून मागितलेलं हे पहिलंच असावं. मागतानाही ती म्हणाली होती, त्यांना गाडी सोयीची असेल तर. शेवटी बाबा म्हणाले, दहा बावन्नने येतो. मी म्हटलं, बाबा, हल्ली चढताना पुढच्या— तर ते म्हणाले, "गाडीत कसं बसायचं ते तू मला शिकवणार?" आणि फोन ठेवला. फोन ठेवण्याआधी नेहमीप्रमाणे वेळ सांगितली, सात सव्वीस.

दहा चाळीस. पडद्यावर ते हलत नव्हते. आमचे विभागप्रमुख नागामिने मागून आले, वाकून बघत म्हणाले, "नऊ नंबरवर कंपनीनं पुतळा बसवला की काय? मला कळवलं नाही कुणी." मी हसले, आरशात बघून. "एक वृद्ध प्रवासी आहेत," मी म्हटलं. "चुकीच्या जागी उभे आहेत, सांगा त्यांना," ते म्हणाले. "सांगितलं," मी म्हटलं. ते गेले. खोटं इतकं सहज निघालं की ते आधीपासून तिथे तयार बसलेलं असावं, तेहतीस वर्षं, प्रतीक्षालयात.

तेहतीस वर्षांपूर्वी जानेवारीत विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. मी अठरा वर्षांची. गाव झोपेतून उठलं तेव्हा बर्फ गुडघाभर होता. आईने भाताचे गोळे करून दिले होते, ते मी विसरले, ती मागून धावत ओरडत आली, मी परत फिरले, घेतले. त्यात गेली असतील चाळीस सेकंदं. घरापासून स्टेशनापर्यंत भातखाचरांमधून रस्ता जातो, फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ, आडोसा एकही नाही. फलाटावरच्या माणसाला रस्त्यावरचा माणूस पूर्ण दोन मिनिटं दिसतो. मी धावत होते आणि बाबा मला बघत होते. गाडी उभी होती. मी हात हलवला. बाबांनीही हात वर केला, आणि मला वाटलं, आपल्यासाठीच. तो गाडीसाठी होता. हातमोजा इतका पांढरा होता की बर्फात मला नुसती बाही वर गेलेली दिसली. मी फलाटावर पोचले तेव्हा शेवटचा डबा वळणावर होता. बाबांनी टोपी नीट केली आणि कुणाही प्रवाशाला सांगावं तसं मला सांगितलं, "पुढची गाडी एक तास एकोणचाळीस मिनिटांनी आहे. आपण प्रतीक्षालयात बसावं." आपण. मी त्यांना अठरा वर्षांत कधी 'आपण' नव्हते. मी प्रतीक्षालयात बसले. गाडी उशिरा आली असती तर कंपनीने दाखला दिला असता आणि तो दाखवून फेरपरीक्षेला बसता आलं असतं. हिमवादळ, हरीण, काहीही चाललं असतं. पण गाडी वेळेवर होती. वेळेवर असण्याचा दाखला कुणी देत नाही. रात्री जेवताना आईने तेच भाताचे गोळे वाढले, कारण टाकणार कुठे. चूक माझी, असं ती त्या रात्री म्हणाली, आणि नंतरही अधूनमधून, मध्येच भांडी घासताना, संदर्भाशिवाय म्हणत राहिली. बाबा मात्र काही म्हणाले नाहीत. म्हणायचं काम स्थानिक वर्तमानपत्राने केलं. त्या गाडीत मुलांना परीक्षेलाच घेऊन निघालेला शाळेचा एक शिक्षक होता, त्याने कुणाला तरी सांगितलं, आणि आठवड्याने बातमी आली: 'लेकीहून वेळापत्रक थोर'. बाबांचा फोटो. वार्ताहराने विचारलं, मुलीचं काय? बाबांचं उत्तर छापलं होतं: ते घरगुती आहे. कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना खिशातलं चांदीचं घड्याळ दिलं. दोन वर्षांनी मलाही नोकरी दिली. कात्रण आमच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत आहे. त्याची काच आई दर शनिवारी पुसायची. मी दोन वर्षांचं एक कॉलेज केलं, पुढे पत्राद्वारे शिकून पदवीही घेतली, लग्न केलं नाही. यातलं कशाचंही कारण चाळीस सेकंदं नव्हती, असं मी कुणी विचारलं तर सांगते. कुणी विचारत नाही.

दहा एक्कावन्न. डाव्या कोपऱ्यातून गाडी आली. बाबांनी पाठ आणखी ताठ केली. नऊ नंबरचं बटण माझ्या बोटाखाली होतं. ते जरा तेलकट असतं, नागामिनेंचा हात लागून. नियम असा, की प्रवासी चुकीच्या जागी असेल तर गाडी थांबण्याआधी सूचना द्यायची: पुढच्या डब्याकडे यावं, दाराचं बटण दाबावं. सात सेकंदांचं वाक्य आहे. मी दिवसातून वीसदा म्हणते. गाडी थांबली. दुसऱ्या डब्याचं दार बाबांच्या छातीसमोर एक हात अंतरावर आलं. दार बंद. काचेतून एक बाई त्यांच्याकडे बघत होती, बोटाने पुढे, पुढे असं दाखवत होती. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. अनोळखी बाईंच्या हातवाऱ्यांकडे ते बघत नसत. ते दार उघडायची वाट बघत होते. वीस सेकंद. मी मोजले नाहीत, पडद्याच्या कोपऱ्यात ते आपोआप दिसतात. माझं बोट बटणावर होतं आणि मला आश्चर्य वाटत होतं की बटण दाबायला इतकं थोडं बळ लागतं आणि न दाबायला मात्र काहीच लागत नाही. चालकाने आरशात पाहिलं. त्याला दिसला एक नीटनेटका म्हातारा, जो गाडीत चढण्याची कसलीही हालचाल करत नव्हता. छंदिष्ट लोक येतात, नुसत्या गाड्या बघायला. गाडी निघाली.

मी वाट बघत होते की ते हात हलवतील. ओरडतील, दोन पावलं धावतील. निदान तोंड उघडतील. बाबांनी चांदीचं घड्याळ काढलं, गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि ओठ हलले. आवाज माझ्यापर्यंत येत नाही, पण ते काय म्हणाले ते मला ठाऊक होतं. दहा बावन्न, वेळेवर. मग ते छपरीत गेले, जिथे पूर्वी त्यांची तिकिटाची खिडकी होती आणि आता तिथे फळी ठोकून तिच्यावर आमचं यंत्र बसवलं आहे, आणि बरंच निरखून त्यांनी पिवळं बटण दाबलं.

"सुगिनोहाना स्थानक," मी म्हटलं, त्या आवाजात. "बोला, ऐकते आहे."

"दहा बावन्न वेळेवर गेली," बाबा म्हणाले. "दारं उघडली नाहीत. चालकाला बोल लावू नका. उभं राहण्यात माझीच काही चूक झाली असेल."

गैरसोयीबद्दल मी कंपनीतर्फे क्षमा मागितली. गैरसोय काही नाही, ते म्हणाले. मग मला छापील प्रश्न विचारावा लागला. त्याचं उत्तर 'हो' आलं तर आम्ही शेजारच्या गावातून टॅक्सी पाठवतो.

"आपल्याला कुठे तातडीनं पोचायचं आहे का?"

यंत्रातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यात एक शिट्टी असते, आई म्हणायची रात्री दहाची मालगाडी.

"नाही," ते म्हणाले. "घरगुती काम आहे."

मी 'नाही'समोर खूण केली. "पुढची गाडी एक तास एकोणचाळीस मिनिटांनी आहे," मी म्हटलं. "आपण प्रतीक्षालयात बसावं." तेहतीस वर्षांत वेळापत्रक एका मिनिटानेही बदललेलं नव्हतं, हे कंपनीचं कौतुक. मी थांबले. हे वाक्य त्यांना कुठेतरी टोचेल, मान वर होईल, असं मला वाटत होतं. "धन्यवाद," बाबा म्हणाले. "तुमचा आवाज चांगला आहे. आमच्या वेळी अशी माणसं नव्हती."

बारा एकतीसची गाडी शहरात एक पंचवीसला पोचते. दोनच्या आत इस्पितळ गाठता येतं. म्हणून मी जे केलं त्यात फारसं काही बिघडलेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. तेवढं समजवायला मला एक तास लागला. बाबा प्रतीक्षालयात बसले नाहीत. त्याच खचलेल्या फरशीवर उभे राहिले, पुड्याचा हात मध्येच बदलत. मधूनच मला वाटायचं, त्यांचा उजवा गुडघा दुखतो, मग लक्षात यायचं की तो दुखतो हे मला आईने सांगितलं आहे, त्यांनी नाही. बाराला आईचा निरोप आला: निघाले का ते? मी लिहिलं, हो. तिने लिहिलं: गाडीला गर्दी नसेल ना. एका माणसाच्या फलाटाकडे बघत मी लिहिलं, नाही. तिने लिहिलं: केस विंचरून घेते मग.

तो 'मग' मला सोसला नाही. एवढंच. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द आमच्या घरात कुणाला नीट जमले नाहीत. बारा एकतीसची गाडी डाव्या कोपऱ्यातून आली, बाबा पुन्हा दुसऱ्या डब्याच्या बंद दारासमोर ताठ झाले, आणि मी बटण दाबलं. सात सेकंदांचं वाक्य घशात तयार होतं. निघालं ते दुसरंच.

"बाबा, पुढच्या डब्याकडे जा. बटण दाबा दाराचं. जा ना, बाबा. ती वाट बघतेय."

शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. आरशात मी हसत नव्हते. पडद्यावर बाबांनी कर्ण्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. इतकी वर्षं मी वरून लोकांकडे बघते, पण वर माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. ते चालायला लागले. पुढच्या डब्याचं दार तिथून वीस-बावीस पावलं. चालकाने आरशात पाहिलं आणि थांबला, भला माणूस. बाबा अर्ध्यावर आले. उजवा पाय ओढत होता. पंधरा पावलं, सोळा. आणि तिथे त्यांनी चांदीचं घड्याळ काढून बघितलं.

मला कळलं. त्यांना थांबताना बघायच्या आधी कळलं. ते थांबले, गाडीकडे तोंड केलं, टाचा जुळवल्या, आणि उजवा हात सरळ वर केला. निघा. हातात मोजा नव्हता, पण त्या हाताचं वळण असं होतं की बावीस वर्षांत असला इशारा न पाहिलेल्या चालकाने विचार न करता पाळला. दार चार पावलांवर होतं. गाडी गेली. बाबांनी शेवटच्या डब्याकडे बोट दाखवलं.

मग यंत्राचा दिवा लागला. "कुराहाशी," बाबा म्हणाले. आमचं दोघांचंही आडनाव तेच. पण कामावरच्या माणसाला हाक मारावी तशी ती हाक होती. "चाळीस सेकंद उशीर. नोंद करा."

"चार पावलं होती, बाबा," मी म्हटलं.

"तू बोललीस म्हणून गाडी थांबली. घरच्या माणसासाठी गाडी थांबत नाही." श्वासातली शिट्टी. "सकाळचा आवाजही तुझाच."

"हो."

"सकाळी नियमात होतीस," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आयुष्यभर त्यांच्याकडून ऐकायची वाट बघत होते, म्हणून मला लगेच ओळखू आलं. ते कौतुक होतं. "आत्ता नव्हतीस."

मी नागामिनेंना सांगून टॅक्सी पाठवली. शेजारच्या गावातून ती सव्वा वाजता पोचली. बाबांनी वाकून चालकाची क्षमा मागितली आणि ती परत पाठवली, कारण तातडी नाही असं त्यांनी आधी सांगितलेलं होतं आणि ते नोंदलं गेलं होतं. नोंदीत मी बारा एकतीससमोर चाळीस सेकंद लिहिलं. कारणाच्या रकान्यात आमच्याकडे पाचच शब्द चालतात: बर्फ, जनावर, यंत्र, प्रवासी, कर्मचारी. मी 'कर्मचारी' निवडलं. पावणेदोनला मी आईच्या खाटेशी होते. तिने केस विंचरले होते, तेलही लावलं होतं थोडं. माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाली, "आले का?" मी म्हटलं, गाडी चुकली. "कितीनं?" मी म्हटलं, चार पावलांनी. तिने डोळे मिटले. "माझीच चूक," ती म्हणाली, "वेळ मागायला नको होता." मग तिला नेलं.

दोन अकराच्या गाडीला बाबा पुढच्या डब्याकडे उभे राहिले आणि दाराचं बटण त्यांनी असं दाबलं म्हणे, जणू जन्मभर दाबत आले आहेत. सूचना मिळालेली होती. साडेतीनला ते इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पुडा मांडीवर. त्यात डॉक्टरांसाठी लाल चवळीच्या सारणाची मिठाई होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते बाबांना मान्य नसावं. ते दर पाच मिनिटांनी आपलं काढून बघत.

डॉक्टर आम्हाला आत घेऊन गेले तेव्हा यंत्रं अजून चालू होती, मग एकेक बंद झाली. डॉक्टरांनी बाही सरकवून मनगटावर पाहिलं, रीतीप्रमाणे वाकले आणि म्हणाले, "चार वाजून सतरा मिनिटं."

बाबांनी चांदीचं घड्याळ उघडलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. "अठरा," ते म्हणाले.

डॉक्टर पुन्हा वाकले, आणि कागदावर अठरा लिहिलं. त्रेपन्न वर्षांत बाबांनी आईला दिलेलं हे एकच जास्तीचं मिनिट.